डोक्याला आम्ल, माथ्यावर सूर्य

ऊस, दही, चिंच आणि लिंबू या चार पदार्थांत सारखे असे काय आहे? चव म्हणावी, तर ऊस गोड आणि बाकीचे तिघे आंबट. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने या चौघांत एकाच कुळातील आम्ले सापडतात. उसाच्या रसात ग्लायकोलिक आम्ल अल्प प्रमाणात असते. दह्यात लॅक्टिक, चिंचेत टार्टारिक आणि लिंबात सायट्रिक आम्ल असते. या सर्वांच्या रेणूत आम्लगटाच्या शेजारच्या कार्बन अणूला एक हायड्रॉक्सिल गट जोडलेला असतो. म्हणून त्यांना ‘अल्फा हायड्रॉक्सी आम्ले’ म्हणतात.

कोंडा झाला की डोक्याला दही चोळण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आता दह्याच्या जोडीला बाटली आली आहे. चेहऱ्यासाठी म्हणून विकले जाणारे ग्लायकोलिक आम्लाचे द्रावण पुष्कळजण डोक्याला लावू लागले आहेत. हे आम्ल उसात असले, तरी बाटलीतील आम्ल बहुधा कारखान्यात कृत्रिम रीतीने केलेले असते. ते डोक्याला लावावे का? आणि जळगाव-धुळ्याकडे राहणाऱ्याने कोणती जास्त काळजी घ्यावी? हे आपण क्रमाने पाहू.

मृत पेशींचा थर

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. विटांना चुन्याने सांधावे, तशा या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. खालून नव्या पेशी येतात, वरच्या सुटून गळून पडतात. ग्लायकोलिक आम्ल हे सांधे सैल करते, त्यामुळे वरच्या पेशी लवकर सुटतात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ यूजीन व्हॅन स्कॉट आणि त्यांचे सहकारी रुई यू यांनी १९७४ मध्ये या आम्लांविषयीचा आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होण्याच्या विकारावर ही आम्ले उपयोगी पडतात, असे त्यांना आढळले होते.

या कुळात ग्लायकोलिक आम्लाचा रेणू सर्वांत लहान. त्याचा रेणुभार ७६, लॅक्टिकचा ९०, तर सायट्रिकचा १९२ आहे. लहान रेणू त्वचेत लवकर शिरतो. म्हणून त्याचा गुण लवकर येतो, आणि अपायही लवकर होतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कोंड्याच्या मुळाशी बहुधा मॅलॅसेझिया नावाची यीस्ट असते. ती डोक्यावरील तेलकट स्रावावर जगते. आम्लामुळे सुटे पापुद्रे निघून जातात, पण यीस्ट तशीच राहते. म्हणून हटवादी कोंड्याला यीस्टवर चालणारे औषधच लागते, आणि ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. शिवाय ग्लायकोलिक आम्लाचा अभ्यास चेहऱ्याच्या त्वचेवर पुष्कळ झाला आहे, डोक्याच्या त्वचेवर त्यामानाने थोडा.

बाटलीवरचे टक्के

दोन बाटल्यांवर ‘१० टक्के ग्लायकोलिक आम्ल’ असे छापले आहे. दोन्ही सारख्याच तीव्र असतील का? नाही! त्यासाठी द्रावणाचा सामूही पाहावा लागतो.

ग्लायकोलिक हे सौम्य आम्ल असल्यामुळे पाण्यात त्याचे काही रेणू अखंड राहतात आणि काहींचे आयन होतात. त्वचेत सहज शिरतात ते अखंड रेणू. सामू सुमारे ३.८ असताना निम्मे रेणू अखंड असतात. म्हणजे १०० ग्रॅम द्रावणातील १० ग्रॅम आम्लापैकी ५ ग्रॅम. सामू एकाने वाढून ४.८ झाला, की अकरांपैकी एकच भाग अखंड राहतो, म्हणजे सुमारे ०.९ ग्रॅम. उलट सामू २.८ असेल, तर सुमारे ९.१ ग्रॅम आम्ल अखंड असते. टक्के तेच, पण परिणाम करणारे आम्ल दहापट!

म्हणूनच सौंदर्यप्रसाधनांतील घटक तपासणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने १९९८ मध्ये या आम्लांसाठी दोन मर्यादा एकत्र सांगितल्या. घरी वापरायच्या प्रसाधनात आम्ल १० टक्क्यांहून जास्त नसावे आणि सामू ३.५ पेक्षा कमी नसावा. उन्हापासून संरक्षण हवे, ही अटही मंडळाने जोडली होती. आपल्याला ही अट फार महत्त्वाची आहे.

माथा आणि सूर्य

आम्लाने वरचा थर पातळ झाला, की सूर्याच्या अतिनील किरणांनी त्वचा लवकर भाजते. चेहऱ्याची काळजी सगळे घेतात, पण केसांच्या भांगाचे काय?

एक साधा प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत कागदावर सरळ वरून पाडा, मग बॅटरी तिरपी धरा. तिरप्या झोताचा प्रकाश जास्त जागेवर पसरतो आणि फिका दिसतो. सूर्यकिरणांचेही तसेच आहे. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास मध्यान्हीला सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर किरण अगदी तिरपे पडतात, पण माथ्यावर आणि भांगावर ते काटकोनात पडतात. डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, तरीही आडव्या पृष्ठभागावर काटकोनातल्या प्रकाशाच्या सुमारे ७० टक्के प्रकाश पडतो.

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उन्हाची भीती आपोआप वाटते. परंतु उष्णता आणि अतिनील किरण या वेगळ्या गोष्टी आहेत. अतिनील किरण जाणवत नाहीत. हिवाळ्यातल्या गार हवेत आणि पावसाळ्यात विरळ ढगांतूनही ते आपल्यापर्यंत येतात. म्हणून ‘आज ऊन लागत नाही’ हा पुरावा धरू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये सुचवले, की असे प्रसाधन वापरत असताना आणि थांबवल्यावरही एक आठवडा उन्हापासून जपावे, अशी सूचना वेष्टनावर छापावी. आपल्याकडे टोपी, रुमाल, ओढणी किंवा डोक्यावरचा पदर हे चांगले संरक्षण आहे.

वापरायचेच असेल तर

शाळकरी मुलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे आम्ल वापरू नये. मोठ्यांनीही आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. आग, लाली किंवा पुरळ आले, तर ते आपल्यासाठी नाही असे समजावे. सुरुवात ५ टक्क्यांच्या आसपासच्या द्रावणाने, आठवड्यातून एकदाच करावी. ते रात्री काही मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. खाजवून ओरखडे पडले असतील, फोड असतील, किंवा नुकताच कलप लावला असेल, तर लावू नये. डोळ्यात गेल्यास लगेच स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन डॉक्टरांकडे जावे.

रसायनांच्या दुकानात ७० टक्क्यांचे द्रावणही मिळते. ते आणून घरी पाणी घालून पातळ करण्याचा खटाटोप कोणीही करू नये. आपल्याकडे सामू मोजण्याचे साधन नसते, आणि चूक झाली तर त्वचा जळते. तसेच केस सरळ करण्याच्या काही प्रसाधनांत ‘ग्लायऑक्सिलिक’ आम्ल असते. नाव सारखे वाटले, तरी पदार्थ वेगळा आहे. अशा प्रसाधनानंतर मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. म्हणून लेबल अक्षर न् अक्षर वाचा.

आणि लिंबू? लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ इतका कमी असतो. तो डोक्याला चोळून उन्हात गेल्यास फोड येऊ शकतात, कारण लिंबात उजेडाने चेतवली जाणारी काही द्रव्ये असतात. घरातली वस्तू म्हणून ती निर्धोकच, असे नव्हे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या प्रयोगशाळेतील सामूदर्शक कागद घेऊन दही, लिंबाचा रस, शिकेकाईचे पाणी, साबणाचे पाणी आणि शॅम्पू यांचा सामू वर्गात मोजायला लावा. आपल्या त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. फळ्यावर एक रेघ ओढून त्यावर सगळे आकडे मांडले, की कोणती वस्तू त्वचेपासून किती दूर आहे, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.