अपडेट येतं, त्या दिवशी जुना फोन जास्त धोक्यात येतो

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. नेहमीप्रमाणे माझे ‘अं...’ आणि ‘म्हणजे काय की’ जमतील तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर झालं काय, २०२५च्या गणपतीत घरी गेलो होतो. आई म्हणाली, “अरे, हा फोन बघ ना. सारखा जागा नाही, जागा नाही म्हणतोय.” फोन मूळचा माझाच. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला घेतलेला आणि नोकरी लागल्यावर मी नवा घेतला तेव्हा तिला दिलेला. आईने तो इतका जपलाय की स्क्रीनवर एक ओरखडा नाही. मी सहज सेटिंग्जमध्ये शिरलो. अबाउट फोन, मग अँड्रॉइड व्हर्जन. अँड्रॉइड ९. त्याच्याखाली ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ अशी एक ओळ असते, तिच्यासमोर तारीख होती ऑगस्ट २०२०.

पाच वर्षं! आणि मी ऑफिसमध्ये काय काम करतो? सर्व्हर अपडेटेड आहेत की नाहीत ते बघतो. एखादा सर्व्हर महिनाभर मागे राहिला तर आमच्या ग्रुपवर आरडाओरडा सुरू होतो. आणि ज्या फोनवरून आई भाजीवाल्याला, दूधवाल्याला यूपीआय करते, ज्यात तिचं बँकेचं ॲप आहे, तो मी स्वतःच्या हाताने तिला देऊन विसरून गेलो होतो. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच चालतं ना? नवा फोन पोराला, जुना आईला, त्याहून जुना आजोबांना.

मी तिला म्हटलं, हा आता वापरू नकोस. ती म्हणाली, “का रे? चांगला चालतोय की.” तिच्या या प्रश्नाचं उत्तर देताना माझी जी तारांबळ उडाली, त्यावरच आजचा भाग आहे.

आपल्याला वाटतं, जुनं सॉफ्टवेअर म्हणजे जुना पंखा. झिजला, खडखड करायला लागला, म्हणून बदलायचा. पण सॉफ्टवेअर झिजत नाही. आईच्या फोनमधला कोड २०२० साली होता तसाच, शब्दाला शब्द, आजही आहे. त्यात जी भोकं होती ती पहिल्या दिवसापासून होतीच, फक्त कोणाला माहीत नव्हती. बदललंय ते बाहेरच्या लोकांना असलेलं ज्ञान.

असं समजा, तुमच्या दाराला अमुक कंपनीचं कुलूप आहे. एक दिवस कंपनी पेपरात जाहिरात देते: आमचं हे मॉडेल हेअरपिनने उघडतं, तरी दुकानात या आणि फुकट बदलून घ्या. ज्यांनी बदललं ते सुटले. ज्यांनी नाही बदललं त्यांचं कुलूप कालच्याइतकंच मजबूत आहे, पण आता ती जाहिरात चोरांनीही वाचली आहे.

सिक्युरिटी अपडेट ही तीच जाहिरात असते. आणि कंपनीने तपशील दिला नाही तरी फरक पडत नाही. आम्ही प्रोग्रामर लोक दिवसातून दहा वेळा ‘डिफ’ बघतो. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवायच्या, काय बदललं ते दिसतं. हल्लेखोरही तेच करतात. अपडेटच्या आधीचं आणि नंतरचं सॉफ्टवेअर ताडून बघतात. जिथे बदल, तिथे आधी भोक. म्हणजे ज्या दिवशी पॅच येतो, त्या दिवसापासून पॅच न घेतलेली मशिन्स आदल्या दिवसापेक्षा जास्त धोक्यात असतात. लोक म्हणतात, “इतके दिवस काही झालं नाही, आता काय होणार?” या वाक्यातली गडबड नेमकी इथे आहे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे वॉनाक्राय. तारखा नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तारखांमध्येच आहे. १४ मार्च २०१७ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांशी फाइल आणि प्रिंटर शेअर करतात, त्या भागातलं हे भोक. बरोबर एक महिन्याने, १४ एप्रिलला, ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळक्याने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेकडची काही हत्यारं इंटरनेटवर टाकली. त्यातलं ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार नेमकं याच भोकातून आत शिरायचं. आणि १२ मे रोजी वॉनाक्राय सुटला. अपडेट येऊन तोपर्यंत ५९ दिवस झाले होते.

त्यात कोणाला लिंकवर क्लिक करावं लागत नव्हतं. एका मशिनमध्ये शिरला की तो स्वतःच पुढची मशिन्स शोधायचा, सगळ्या फाइल्स कुलूपबंद करायचा आणि ३०० डॉलरचे बिटकॉइन मागायचा. दीडशे देशांत मिळून दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर गेले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटरही त्यात सापडले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तर अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट आणि ऑपरेशन्स रद्द झाली, आणि पाच ठिकाणी इमर्जन्सीचे पेशंट दुसरीकडे पाठवावे लागले. मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या पोराला त्याच्या कोडमध्ये एका विचित्र वेबसाइटचा पत्ता दिसला. तो पत्ता कोणी विकतच घेतलेला नव्हता, म्हणून याने नोंदवून टाकला, आणि व्हायरस थंडावला. ती वेबसाइट उत्तर देत असेल तर थांबायचं, असं त्या व्हायरसमध्येच लिहिलेलं होतं. तिथे नशीब कामाला आलं.

त्या वेळी बातम्यांमध्ये ‘विंडोज एक्सपी, विंडोज एक्सपी’ असं खूप चाललं. एक्सपीचा सपोर्ट २०१४मध्येच संपला होता, हे खरं. पण सर्वात जास्त मार बसला तो विंडोज ७ला, आणि विंडोज ७ला तेव्हा सपोर्ट होता! अपडेट उपलब्ध होतं, फुकट होतं, फक्त केलेलं नव्हतं.

बरं, एवढा गाजावाजा झाल्यावर तरी सगळे शहाणे झाले असतील? २७ जूनला, म्हणजे सहा आठवड्यांनी, नॉटपेट्या आला. तोही इटर्नलब्लू वापरत होता, शिवाय मशिनमधले पासवर्ड चोरून पुढे सरकत होता, त्यामुळे अपडेट केलेली मशिन्ससुद्धा गेली. मर्स्क या जहाज कंपनीला ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. आणि हे काही दूर कुठे युरोपात घडलं नाही. मर्स्कच्याच ग्रुपचं एक टर्मिनल आपल्या न्हावा-शेवाला, जेएनपीटीमध्ये आहे. तिथलं कामकाज त्या दिवशी विस्कळीत झालं. कुठल्या तरी ऑफिसातलं पुढे ढकललेलं अपडेट उरणच्या कंटेनरपर्यंत असं येऊन पोचू शकतं.

(नॉटपेट्याची सुरुवात झाली ती युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. हल्लेखोरांनी त्या कंपनीत शिरून अपडेटमध्येच विष कालवलं होतं. हो, मला माहितीये, “मग अपडेट करायचं कशाला?” असं कोणीतरी विचारणार. दुधात कधीतरी भेसळ निघते म्हणून आपण नाल्यातलं पाणी प्यायला लागत नाही.)

आता फोनकडे येऊ. सप्टेंबर २०२३ची गोष्ट आहे. क्रोममध्ये एक भोक सापडलं, पण ते मूळ क्रोमचं नव्हतंच. वेबपी नावाचा फोटोचा एक फॉरमॅट आहे, वॉट्सॲपचे स्टिकर्स याच फॉरमॅटमध्ये असतात. तो फोटो उलगडून दाखवणाऱ्या छोट्याशा कोडमध्ये चूक होती. मुद्दाम तसा बनवलेला फोटो पानावर नुसता उमटला तरी ब्राउझरच्या मेमरीत गडबड करता येत होती. आणि ते शोधलं जाण्याआधीच कोणीतरी वापरत होतं. गंमत म्हणजे हाच कोड फायरफॉक्समध्ये होता, अँड्रॉइडमध्ये होता, आणि फोटो दाखवणाऱ्या असंख्य ॲप्समध्ये होता. काही दिवसांत क्रोम दुरुस्त झाला. अँड्रॉइडची दुरुस्ती ऑक्टोबर २०२३च्या पॅचमध्ये आली.

आईच्या फोनचा शेवटचा पॅच ऑगस्ट २०२०चा. तिला रोज सकाळी किती फोटो येतात, ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

इथे एक बारकावा आहे. अँड्रॉइडवर क्रोम आणि ‘वेबव्ह्यू’ (ॲपच्या आत वेबपान उघडतं तो भाग) हे प्ले स्टोअरमधून वेगळे अपडेट होतात. त्यामुळे सिस्टिम जुनी असली तरी ब्राउझर बरीच वर्षं ताजा राहतो. पण कायम नाही. अँड्रॉइड ८ आणि ९साठी क्रोम १३८ हे शेवटचं व्हर्जन. म्हणजे आईच्या फोनचा हा दुसरा दरवाजाही त्याच ऑगस्टमध्ये बंद झाला होता. विंडोज ७वाल्यांचा क्रोम तर १०९वरच थांबलाय. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नाव नोंदवून आणखी एक वर्ष सिक्युरिटी अपडेट्स मिळतात, तेवढी तरी घ्या.

फोनची सिस्टिम मात्र प्ले स्टोअरमधून पूर्ण दुरुस्त होत नाही. गूगल पॅच लिहितं, चिप बनवणारी कंपनी आपला भाग घालते, मग फोन कंपनी आपल्या मॉडेलवर तपासून पाठवते. या साखळीत शेवटच्या कडीला जुन्या, स्वस्त मॉडेलसाठी पैसे खर्च करण्यात काही रस नसतो. महागड्या फोनना सात-सात वर्षं द्यायला आता सुरुवात झालीये. बजेट फोनला मात्र बॉक्सवर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक छापतात, अपडेट किती वर्षं मिळणार ते शोधायला वेबसाइटच्या तळाशी जावं लागतं. मला विचाराल तर हा आकडा एक्सपायरी डेटसारखा बॉक्सवर सक्तीने छापायला हवा.

आता प्रामाणिकपणे सांगतो. आईचे पैसे जायचेच असतील तर ते वेबपीच्या भोकातून जाण्यापेक्षा “मी बँकेतून बोलतोय” या फोनमुळे किंवा वॉट्सॲपवर आलेल्या वाहतूक चलनाच्या खोट्या एपीके फाइलमुळे जाण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. तिला हे मी आधी सांगितलं. पण फोनवर बोलणाऱ्या माणसाला ती नाही म्हणू शकते, आणि म्हणतेही, चांगलं ठणकावून. भोकाच्या बाबतीत तिला कोणी विचारतच नाही. शिवाय ती एपीके फाइल जुन्या अँड्रॉइडवर जितका धुमाकूळ घालू शकते तितका नव्यावर घालू शकत नाही, कारण दर व्हर्जनला परवानग्या जरा घट्ट होत गेल्यात. आणि हो, वेबसाइट बघताना “तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे दाबा” असं आलं तर दाबायचं नाही. खरं अपडेट सेटिंग्जमध्ये किंवा प्ले स्टोअरमध्येच असतं.

शेवटी काय केलं? मध्यम किमतीचा फोन घेतला, अपडेटची वर्षं बघून. जुन्या फोनमधून बँक आणि यूपीआय काढलं, तिचं गूगल अकाउंट लॉगआउट केलं, सिम काढलं आणि रिसेट मारला. फेकू द्यायला ती तयार नव्हती. आता तो वायफायशिवाय स्वयंपाकघरात असतो, मेमरी कार्डवरची गाणी वाजवतो आणि कुकरच्या वेळेचा अलार्म देतो.

आणि ते ‘जागा नाही’ प्रकरण? त्या फोनमध्ये शुभ सकाळचे चार हजारांवर फोटो निघाले. म्हणजे २०२० नंतर कंपनीने एखादं अपडेट पाठवलं असतं तरी ते उतरायला जागा नव्हती. नव्या फोनवर वॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड मी पहिल्याच दिवशी बंद केलं. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, “अरे, सगळ्यांचे फोटो धूसर का दिसतायत?”