कुलकर्णी : गावोगाव एकच आडनाव

जूनचा पहिला आठवडा म्हणजे मुख्याध्यापकाच्या दृष्टीने नावांचा आठवडा. प्रवेशाची जाड नोंदवही टेबलावर उघडी असते, पालक रांगेने उभे असतात आणि मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव असे रकाने एकामागून एक भरले जातात. या नोंदीत एकदा अक्षर पडले की ते मुलाला जन्मभर पुरते. पुढे बदल करावयाचा झाल्यास वरच्या कार्यालयाचे उंबरठे किती झिजवावे लागतात, हे ज्यांनी झिजविले त्यांनाच ठाऊक.

मागल्या जूनमध्ये असेच एक गृहस्थ सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. हाताला रंध्याचे घट्टे. आडनावाचा रकाना आला तसे ते थबकले. म्हणाले, "सर, थोरल्या भावाचं नाव उदगीरच्या शाळेत सुतार लागलंय आणि माझं भालकीच्या शाळेत बडिगेर. पोरीचं काय लावू?"

बडिगेर म्हणजे कानडीत सुतारच. एका बापाचे दोन मुलगे. एकाच्या धंद्याचे नाव मराठीत नोंदले गेले, दुसऱ्याच्या धंद्याचे कानडीत. मी हे समजावून सांगत होतो, तो त्यांनी भाबडेपणाने विचारले, "तुम्ही तर कुलकर्णी. मग आता तुमच्या घरात गावचं दप्तर कोण लिवतंय?"

रांगेतले लोक हसले. मीही हसलो. पण प्रश्न मनातून गेला नाही.

धंद्यावरून आडनाव पडणे ही काही आपल्याकडचीच रीत नव्हे. ऋग्वेद छापून प्रसिद्ध करणाऱ्या मॅक्स म्युलरचे नाव आपण आदराने घेतो; त्या पंडिताच्या आडनावाचा जर्मन अर्थ 'पिठाची चक्की चालविणारा' असा आहे, हे फारच थोड्यांना माहीत असते. आज म्युलर हे जर्मनीतले सर्वांत अधिक आढळणारे आडनाव आहे. त्याच्या पाठोपाठ श्मिट येते, म्हणजे आपला लोहार. श्नायडर म्हणजे शिंपी. आणि शुल्झ म्हणजे गावाकडून धन्याचे देणे वसूल करणारा गावप्रमुख, थोडक्यात आपला पाटील. बाराव्या शतकापासून पुढे दोन-तीनशे वर्षांत ही नावे तिकडे स्थिरावली.

मग म्युलरच एवढे का? एका गावात चक्कीवाले पुष्कळ होते म्हणून नव्हे. उलट गावात चक्की बहुधा एकच असे. जमीनदाराचा दंडकच असा, की रयतेने आपले धान्य त्याच्या चक्कीवरच दळून न्यावे. पण अशी एकेक चक्की जवळजवळ प्रत्येक टापूत होती. गावात 'चक्कीवाला' म्हटले की एकच माणूस डोळ्यांसमोर येई, म्हणून ते नाव त्याला चिकटले. आणि गावोगाव असा एकेक असल्याने देशभर त्याचे पीक आले. गावात एक, पण प्रत्येक गावात एक, हे या आडनावांचे गणित आहे.

आपल्याकडे दळणाचे आडनाव का नाही, याचे उत्तरही यातच सापडते. आपल्या घराघरांत जाते होते आणि पहाटे ते ओढणाऱ्या बायका होत्या. औरंगाबादच्या पाणचक्कीसारखा अपवाद सोडला, तर दळण हा घराबाहेरचा धंदा झालाच नाही, आणि घरातल्या बायकांच्या कष्टावरून आडनाव पाडण्याची उदारता कोणत्याच समाजाने दाखविलेली नाही. (दळवी हे आडनाव दळणावरून नव्हे, सैन्याच्या दळावरून आले आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

म्युलरचे हे गणित आपल्या प्रांतात लागू होते ते पाटील आणि कुलकर्णी या दोन आडनावांना. गावाला पाटील एक, कुलकर्णी एक. पाटलाने वसूल करावा, कुलकर्ण्याने तो लिहावा. 'कुळ' म्हणजे जमीन कसणारा, सरकारात सारा भरणारा खातेदार. 'कुळवार', 'कुळझाडा' या हिशेबी शब्दांत तो अर्थ आजही शाबूत आहे. 'करण' हा लेखनाशी आणि दस्तऐवजाशी जोडलेला जुना शब्द. कानडीतला करणिक, तेलुगूतला करणम् हे त्याचेच सगेसोयरे. तेव्हा कुळांचे लेखन करणारा तो कुळकर्णी. आपण उच्चारात 'ळ'चा 'ल' करून नाव थोडे संस्कृत केले. त्यामुळे पुष्कळांना ते 'कुलीन'पणाशी संबंधित वाटते. तसे काही नाही. या नावाचा पाया शेतकरी आहे.

याच साखळीत वरच्या पायरीवर परगण्याचे अधिकारी येतात. परगण्याचा पाटील तो देशमुख, कानडीत नाडगौडा. परगण्याचा लेखक तो देशपांडे. 'नाड' म्हणजे प्रदेश हे लक्षात घेतले की नाडकर्णी हे आडनावही आपोआप उलगडते. गावचा हिशेबनीस कानडी मुलुखात शानभोग म्हणविला गेला.

बिदर-कलबुर्गीच्या वाचकांना आणखी एका कुटुंबाची आठवण करून दिली पाहिजे. १३४७ मध्ये कलबुर्गीत बहमनी गादी स्थापन झाली, पुढे ती बिदरला आली, आणि दरबाराबरोबर फारसी आली. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्याचा आपण 'नीस' केला आणि त्यातून फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस निघाले. फारसी पत्रव्यवहार पाहणारा तो पारसनीस. महमूद गवानाने १४७२ मध्ये उभारलेला मदरसा बिदरला आजही भग्नावस्थेत उभा आहे. त्याच वजिराने राज्याचे सुभे नव्याने आखले आणि जमिनीच्या मोजणीला हात घातला. पण वर फारसी कितीही गाजली तरी खाली चावडीवर देशी भाषाच चालली. सोळाव्या शतकात पहिल्या इब्राहिम आदिलशहाने तर महसुली हिशेबात फारसीच्या जागी देशी भाषेला मान दिला. या 'नीस' मंडळींची संख्या मात्र कुलकर्ण्यांच्या मानाने अगदी थोडी. कारण उघड आहे. चिटणीस दरबाराला लागतो, कुलकर्णी प्रत्येक खेड्याला.

दप्तरदारीचे हे काम किती जोखमीचे होते, ते आपल्या संतकथा सांगतात. बिदरच्या बादशहाच्या वतीने मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लुटवली, आणि त्याचा भरणा करण्यासाठी साक्षात विठोबा विठू महार होऊन बिदरला आला, ही कथा आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? देवालाही पावती घ्यावी लागली. एकनाथांची रात्रभर जागून हिशेबातली चूक शोधल्याची गोष्ट त्याच वळणाची. समर्थ रामदासांचे घराणे जांबचे कुलकर्णी, उपनाव मात्र ठोसर. म्हणजे कुलकर्णी हे त्या काळी पद होते, उपनाव निराळे असे. पुढे अनेक घराण्यांनी मूळ उपनाव टाकून पदच मिरवायला घेतले.

येथे वाचक विचारतील, गावात जर कुलकर्णी एकच, तर एका गावात पंधरा घरे कुलकर्ण्यांची कशी? याचे कारण वतन. कुळकरण हे नोकरीसारखे एकट्याचे नव्हते; ते वंशपरंपरेचे होते, त्याला जमीन आणि हक्क जोडलेले होते. भाऊ वाटण्या करीत, तसे वतनाचेही तक्षीम पडत. बोरू हातात धरणारा एकच असे, परंतु वतनाचे वारस सगळे. आणि ज्याचा हिस्सा त्याचे नाव. लिहिता-वाचता न येणारा भाऊबंददेखील कुलकर्णी! लोहाराच्या मुलाला लोहार म्हणवून घेण्यासाठी घण उचलावा लागे. कुलकर्ण्याच्या मुलाला ती अट नव्हती.

पाटलांचे तेच झाले, आणि अधिक मोठ्या प्रमाणावर. मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, सर्व समाजांत पाटील आहेत, कारण ते जातीचे नव्हे, कामाचे नाव. कर्नाटकाचे दोनदा मुख्यमंत्री झालेले वीरेंद्र पाटील चिंचोळीचे. १९८५-८६ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले शिवाजीराव पाटील निलंग्याचे, आणि निलंगा १९५६ पर्यंत आपल्याच बिदर जिल्ह्यात होता. पाटील इतके झाले, की नुसत्या पाटलाची ओळख पटेना. म्हणून 'पाटील निलंगेकर', 'पाटील चाकूरकर' असे गाव जोडावे लागले. गंमत अशी, की जर्मनीतही हेच घडले. सहकारी पतपेढ्यांचा पाया घालणारे शुल्झे-डेलिच यांचे नाव आपल्या सहकारातील कार्यकर्त्यांना परिचित असते. ते मूळचे नुसते शुल्झे; १८४८ मध्ये प्रशियाच्या विधिमंडळात गेले, तर तेथे शुल्झेच शुल्झे. तेव्हा डेलिच हे आपल्या गावाचे नाव त्यांना जोडावे लागले. म्हणजे तिकडचे ते 'पाटील डेलिचकर'च की!

निजामी अमलात गावची पदे राहिली, नावे थोडी फिरली. कुलकर्ण्याला पटवारी म्हणू लागले. पटेल दोन झाले: महसुलाचा माली पटेल आणि बंदोबस्ताचा पोलीस पटेल. कलबुर्गीकडे मालीपाटील आणि पोलीसपाटील ही आडनावे आजही सर्रास आढळतात. मालीपाटलांचा बागेशी संबंध नाही. तो 'माल' म्हणजे महसूल. पोलीसपाटील आडनावाच्या मुलाला वर्गात कोण काय म्हणून चिडवते, हे मी तीस वर्षे ऐकत आलो आहे.

पुढे पदेच गेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात १९५० चा कायदा झाला. आमचा जुना बिदर जिल्हा १९५६ च्या नोव्हेंबरात तीन राज्यांत वाटला गेला: भालकी, हुमनाबाद, औराद इकडे, उदगीर-निलंगा-अहमदपूर तिकडे, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात. कर्नाटकाने १९६१ च्या कायद्याने गावची वतनी पदे संपविली, आणि १९६३ पासून तो अमलात आला. आंध्रात मात्र पटेल-पटवारी १९८४ पर्यंत टिकले. एकाच जिल्ह्याच्या लेकरांची वतने निरनिराळ्या साली गेली. आडनाव मात्र कोणाचेच गेले नाही.

माझे आजोबा शेवटच्या पटवाऱ्यांपैकी एक. त्यांच्या दप्तराचे तीन रुमाल माळ्यावर होते. एम. ए. करताना मोडी शिकलो होतो, म्हणून एका सुट्टीत ते सोडले. त्यालाही एक निमित्त घडले होते. गावातले एक वृद्ध शेतकरी मला एकदा म्हणाले होते, "मास्तर, तुमच्या आजोबानं आमच्या बापाचं नाव कुळात घातलं नाही. घातलं असतं तर माळाखालचं रान आज आमचं असतं." १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्यांना संरक्षण दिले, पण त्यासाठी संरक्षित कुळांच्या यादीत नाव असणे आवश्यक होते, आणि यादीचा कच्चा माल पटवाऱ्याच्या बोरूतून येत होता. मी रुमाल पाहिले. कुळांच्या उताऱ्यात त्यांच्या वडिलांचे नाव नव्हते. त्याच्या आधीच्या एका लावणीच्या कागदावर ते होते, स्पष्ट होते, आणि अक्षर आजोबांचेच होते. त्यामागे कोणाचा दाब होता, की निष्काळजीपणा, की आणखी काही, हे कागद सांगत नाही. मी तो कागद त्या वृद्धांना नेऊन दाखविला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला, मग परत दिला. कुळांची करणी करणारा तो कुळकर्णी, ही व्युत्पत्ती तेव्हापासून मला निव्वळ व्याकरणाची राहिलेली नाही.

त्याच रुमालात आणखी एक गोष्ट दिसली. रयतेला आडनावे नव्हतीच. 'शिवा', 'मारुती', 'बसप्पा' अशी नावे, आणि एका गावात तीन मारुती असले की ओळखीसाठी पुढे लिहिलेले: सुतार, कुंभार, तेली. म्हणजे ज्या नावावर ते गृहस्थ माझ्या टेबलापाशी अडखळले, ते अशाच एखाद्या पटवाऱ्याच्या सोयीसाठी लिहिले गेले असावे. पुढे शाळा आली, मास्तरांनी तेच वहीत उतरविले, आणि खूण होती तिचे आडनाव झाले. सीमेच्या अलीकडचा मास्तर कानडीत विचार करी, पलीकडचा मराठीत; एवढ्यावर दोन भावांची दोन घराणी झाली.

हे सर्व मी त्या गृहस्थांना त्या दिवशी सांगू शकलो नाही. रांग मोठी होती. एवढेच म्हणालो, की तुमच्या जातीच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर जे आहे तेच लावा, नाहीतर पुढे मुलीला शिष्यवृत्तीला अडचण येईल. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "मग बडिगेरच लिवा. पण बापाच्या नावापुढं कंसात सुतार लिवता येईल का?" वहीत कंसाला रकाना नाही. संगणकात तर मुळीच नाही. मी बडिगेर लिहिले, त्यांनी कानडीत सही केली आणि मुलीला मराठीत सांगितले, "सरांना नमस्कार कर."

रांगेतले पुढचे पालक सरकले. आडनाव पाटील, गावात घर आहे, जमीन नाही, पुण्यात रिक्षा चालवितात.