सावलीतल्या वाफ्यासाठी काळी मुसळी



विक्रोळीच्या कन्नमवार नगरसारख्या वसाहतीत दोन इमारतींच्या मध्ये ऊन न पोचणारा एखादा पट्टा असतोच. तिथे हिरवळ टिकत नाही, मग पेव्हर ब्लॉक बसतात. पण जंगलात झाडांखाली तरी ऊन कुठे असतं? तरी पावसाळ्यात तिथली जमीन हिरवीगार होतेच. म्हणून अशा जागेसाठी जंगलातलीच वनस्पती निवडावी. उदाहरणार्थ, काळी मुसळी.

ओळख : शास्त्रीय नाव कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. सह्याद्रीच्या जंगलांत ती सावलीत वाढते. पाने लांबट, घड्या पडलेली, ताडाच्या कोवळ्या रोपासारखी. पावसाळ्यात अगदी जमिनीलगत पिवळी, सहा पाकळ्यांची फुले येतात. गड्डा मुसळासारखा सरळ खाली जातो आणि बाहेरून काळपट असतो, म्हणून हे नाव.

लागवड : जूनमध्ये माती भुसभुशीत करून त्यात पालापाचोळ्याचे खत मिसळा. वीतभर अंतरावर रोपे लावा. पाणी साचू देऊ नका. वरचा पालापाचोळा झाडून काढू नका. जंगलात तोच जमिनीचं पांघरूण असतो.

मुलांसाठी उपक्रम : पानापासून रोप म्हटलं की मुलांना पानफुटीच आठवते. काळी मुसळीचं पानही टोकाशी ओल्या मातीला टेकलं, तर तिथे मुळं फुटून नवं रोप येऊ शकतं. टोकावर मातीचा हलका थर द्या, छोटा खडा ठेवा. दर आठवड्याला काय दिसलं ते मुलांना तारीख घालून वहीत लिहू द्या.

दोन गोष्टी सांभाळा : पावसाळा सरल्यावर पाने पिवळी पडून वाळतात आणि उन्हाळ्यात वाफा रिकामा दिसतो. रोप मेलं समजून तो खणू नका, गड्डा आत जिवंत असतो. मुलांच्या हातची पाटी लावा : "इथे काळी मुसळी झोपली आहे."

दुसरं, रोपे रोपवाटिकेतूनच घ्या. औषधासाठी गड्डे उपटल्याने जंगलातली काळी मुसळी कमी होते आहे. आपल्या जवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून रोप उपटून आणणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. मुलांना हे लागवडीआधीच सांगा. औषधी आहे म्हणून गड्डा कुणी चाखणार नाही, याकडेही लक्ष द्या.

जूनच्या सरी पडल्या की रोज शाळेत शिरताना मुलांना वाफ्यापाशी थांबू द्या. पहिला कोंब कुणाला दिसतो ते बघा!