हॅरी लोरेन : अंगठा न मागणारे गुरू

२०२३च्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी फोन उघडला तर सिॲटलहून मुलाचा एका ओळीचा निरोप आला होता : ‘बाबा, तुझा हॅरी गेला.’ खाली बातमी जोडलेली होती. हॅरी लोरेन, वय ९६. मी चहाचा कप तसाच ठेवला. बायकोने विचारलं, “म्हणजे तुमचा तो पत्तेवाला?”

हो, तोच. आपल्या मंडळातली बरीच मुलं मला ‘पत्तेवाले काका’ म्हणून ओळखतात. गणेशोत्सवात जेवणाची रांग लांबली आणि मुलं कंटाळली, की कोणीतरी मला शोधत येतं. खिशात पत्त्यांचा कॅट असतोच. ती सगळी विद्या ज्या माणसाकडून आली, त्याच्याविषयी मंडळाच्या अंकात एकदा लिहायचं होतं. शिवाय त्याच्या निमित्ताने माझी स्वतःची एक चूकही कबूल करायची होती. ती शेवटी करतो.

रंगमंचावरून टेबलावर

माझं लहानपण पुण्यात गेलं. जादू म्हटलं की डोळ्यांपुढे येत ते जादूगार रघुवीर. झगमगता पोशाख, पेट्या, पडदे, वाद्यवृंद आणि विसाव्या रांगेत आईच्या मांडीवर बसलेला मी. जादू ही लांबून पाहायची गोष्ट असते असंच वाटे.

१९८६ साली नोकरीसाठी न्यू जर्सीला आलो. रोज मेट्रोपार्कहून ट्रेनने मॅनहॅटनला जायचं. माझ्या आडनावात ‘ळ’ आणि ‘ण’ दोन्ही आहेत. ऑफिसात पहिल्या आठवड्यातच त्याची दोन अक्षरं शिल्लक राहिली. इंग्रजी लिहिता यायचं, पण जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांत काय बोलावं ते सुचत नसे. एका दुपारी पाय मोकळे करायला निघालो आणि ‘टॅनन्स’ या जादूच्या सामानाच्या जुन्या दुकानात शिरलो. काउंटरवरच्या माणसाने माझ्या नाकासमोर, एका हाताच्या अंतरावर, माझ्याच हातातला पत्ता बदलून दाखवला. पडदा नाही, पेटी नाही. ‘क्लोज-अप’ जादूशी झालेली ही माझी पहिली भेट. शिकायला काय घेऊ असं विचारलं, तेव्हा त्याने एक जाडजूड पुस्तक पुढे सरकवलं : ‘क्लोज-अप कार्ड मॅजिक’, लेखक हॅरी लोरेन, १९६२.

जादू कशी होती

लोरेन यांनी आयुष्यभरात पत्त्यांवर आणि स्मरणशक्तीवर मिळून डझनावारी पुस्तकं लिहिली. ऐंशी ओलांडल्यावरही नवी पुस्तकं येतच होती. १९७८ ते १९९७ अशी वीस वर्षं त्यांनी ‘अपोकॅलिप्स’ नावाचं मासिक चालवलं, म्हणजे २४० अंक. त्यात इतरांच्या जादूही असत, पण त्या समजावून सांगायला लेखणी असे ती लोरेन यांचीच.

एवढं लिहिणाऱ्याचं सगळंच सोनं नसतं. काही प्रयोग एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात. चार एक्के इथे हरवतात, तिथे सापडतात. पुढच्या प्रकरणात तेच एक्के वेगळ्या वाटेने घरी येतात. पण त्यांची मुख्य भूमिका मला पहिल्यापासून पटली. बहुतेक जादू साध्या कॅटवर करता आली पाहिजे. कोणाच्याही घरी, कोणाच्याही पत्त्यांनी, रमीचा डाव संपल्यावर. खास बनवलेले पत्ते नकोत, टेबलाखाली काही नको.

दुसरं म्हणजे बोटांची कसरत त्यांना पुरेशी वाटत नसे. बघणाऱ्याला मजा आली का, हा त्यांचा खरा प्रश्न. पॉल करी या न्यूयॉर्कच्या हौशी जादूगाराने १९४२ साली ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ ही जादू काढली. बघणारा स्वतः पालथे पत्ते दोन ढिगांत वाटतो, केवळ अंदाजाने. उलटून पाहावं तर एकीकडे सगळे लाल, दुसरीकडे सगळे काळे! लोरेन यांनी याच कल्पनेवर आपली ‘आउट ऑफ धिस युनिव्हर्स’ बेतली. त्यांचा ढंग घेऊन मी ती ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत केली. जादू मी केली असं कोणाला वाटलंच नाही. पत्ते वाटणाऱ्या बाईंना वाटलं की आपल्यातच काहीतरी शक्ती आहे! सोमवारपासून मला जेवायला टेबलावर जागा मिळू लागली.

शिकवणं

पण मला लोरेन मोठे वाटतात ते शिकवण्यामुळे. त्यांचं लिखाण नीटनेटकं नाही. मध्येच कंस, मध्येच उद्गारचिन्ह, मध्येच मोठ्या अक्षरात दटावणी. वाचताना वाटतं की माणूस शेजारच्या खुर्चीत बसलाय आणि आपलं मनगट धरून सांगतोय, इथे घाई करू नकोस, आता त्याच्या डोळ्यांकडे बघ, हा अंगठा जरा खाली. प्रत्येक जादूच्या शेवटी ‘आफ्टरथॉट्स’ म्हणजे मागाहून सुचलेलं असं एक टिपण असतं. पत्ता चुकला तर काय करायचं, कॅट पिसून मागितला तर काय, कुठला पर्याय त्यांनी करून पाहिला आणि सोडून दिला, हे सगळं तिथे. एरवी गुरू ज्या गोष्टी हातच्या राखून ठेवतात, त्या हा माणूस पुस्तकाच्या किमतीत देऊन टाकतो.

आपल्याकडच्या एकलव्याची गोष्ट आठवा. मीही मूर्ती समोर ठेवूनच शिकलो. लोरेन यांना प्रत्यक्ष कधी भेटलो नाही. फरक इतकाच की या द्रोणाने अंगठा मागितला नाही. उलट अंगठा कुठे ठेवायचा ते चार पानं लिहून सांगितलं.

जादूच्या वर्तुळाबाहेर लोक त्यांना ओळखतात ते स्मरणशक्तीसाठी. जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात ते अनेकदा गेले. आधी भेटलेल्या प्रेक्षकांची नावं एकामागून एक, न अडखळता सांगत. बास्केटबॉलपटू जेरी लुकसबरोबर १९७४ साली लिहिलेलं ‘द मेमरी बुक’ तर अमेरिकेत घराघरांत पोचलं. त्यांची रीत सोपी. आधी नाव नीट ऐकायचं, न कळल्यास पुन्हा विचारायचं, स्पेलिंग विचारायचं. मग त्या नावासारख्या उच्चाराची वस्तू शोधायची आणि ती त्या माणसाच्या चेहऱ्यावर बसवायची. मी हे मराठीत सुरू केलं. आमचे पुलास्की म्हणजे टकलावर उगवलेला पळस. पॅटरसनबाईंच्या कानात डुलांच्या जागी पत्रावळी. पंधरा दिवसांत आख्खा मजला नावानिशी पाठ झाला. गंमत म्हणजे मी त्यांची नावं नीट घेऊ लागल्यावर त्यांनाही माझं नाव नीट विचारावंसं वाटलं. पुलास्कींना ‘ळ’ शेवटपर्यंत जमला नाही, पण प्रयत्न रोज असे.

आकड्यांसाठी त्यांनी जी पद्धत वापरली ती युरोपात शतकानुशतकं चालत आलेली. प्रत्येक अंकाला एक व्यंजन, स्वर मोजायचे नाहीत. ३ म्हणजे ‘म’, २ म्हणजे ‘न’. मग ३२ चं होतं ‘मन’. हे मी पत्रातून वडिलांना कळवलं. ते संस्कृतचे शिक्षक. उलटटपाली उत्तर आलं, ‘आपली कटपयादि पाहा. क, ट, प, य, चारही १.’ अंक अक्षरांत लपवून लक्षात ठेवायची ती आपली जुनी युक्ती मला शाळेत कोणी सांगितली नव्हती. ती मला एका न्यूयॉर्करच्या निमित्ताने वडिलांकडून मिळाली.

स्वभाव

आता स्वभावाविषयी. लोरेन यांना नावं ठेवणारे पुष्कळ. त्यांची मुख्य तक्रार आत्मस्तुतीची, आणि ती खोटी नाही. आपली जादू किती उत्तम, ती पाहून कोण कसा थक्क झाला, हे ते पानोपानी सांगतात. दुसऱ्याच्या कल्पनेत एक पायरी बदलायची आणि तिला आपलं नाव द्यायचं, असाही आक्षेप घेतला जाई. सुरुवातीला मलाही राग यायचा. आपल्याकडे स्वतःचं कौतुक स्वतः करणाऱ्याला काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे.

मग त्यांचं लहानपण वाचनात आलं. १९२६ साली मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, गरीब ज्यू कुटुंबात जन्म. अक्षरं डोळ्यांपुढे उलटसुलट होत. आज आपण त्याला डिस्लेक्सिया म्हणतो, तेव्हा ‘ढ’ म्हणत. परीक्षेत नापास झालं की वडिलांचा मार. त्या पोराने ग्रंथालयातून स्मरणशक्तीवरची पुस्तकं आणली, एक एक शब्द लावत वाचली, आणि मार्क सुधारले. बारा वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. शाळाही लवकरच सुटली. म्हणजे ज्याला वाचता येत नव्हतं, त्याने पुढे हजारो पानं लिहिली. मग वाटलं, आपण हुशार आहोत हे या माणसाला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही म्हणून तो जन्मभर स्वतःच सांगत बसला. त्या बढाईचा राग तेव्हापासून गेला. हसू मात्र अजून येतं.

मागाहून सुचलेलं

आता ती कबुली.

माझा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना रोज विचारायचा, “बाबा, कसं केलंस? शिकव ना.” मी ऐटीत म्हणायचो, “जादूगार कधी सांगत नसतो.” खरं कारण वेगळं होतं. या देशात घरात मला जे येत होतं आणि त्याला येत नव्हतं, असं फार थोडं उरलं होतं. उच्चार तो माझे सुधारायचा. पत्ते तेवढे माझे होते.

तो चौदा वर्षांचा असताना मंडळाच्या गणेशोत्सवात मी जादू करत होतो. तेव्हा त्याने मागे बसलेल्या मुलांना पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकलं. मुलं हसली, मी गडबडलो, बदामची राणी भलतीकडेच निघाली. घरी जाताना गाडीत मी त्याला फार बोललो. कुठल्या तरी व्हिडिओत बघून दुसऱ्याच्या कलेचा कचरा करतोस, असंही म्हणालो. तो काहीच बोलला नाही. त्यानंतर त्याने पत्त्यांना हात लावला नाही आणि मंडळातही येईनासा झाला. पुढे कॉलेज, नोकरी. फोनवर आमचं बोलणं हवामानाचं.

हॅरी गेल्याच्या त्या निरोपाला मी उत्तर दिलं, मग त्याने दिलं, आणि बऱ्याच वर्षांनी आम्ही तासभर बोललो. त्या थँक्सगिव्हिंगला तो घरी आला. मी ते जुनं पुस्तक खाली काढलं. ‘आफ्टरथॉट्स’च्या कडेला पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेलं दिसलं. अक्षर माझं नव्हतं. चष्मा लावून वाचलं, ‘बाबा इथे घाई करतो.’ इंग्रजीत, पोरसवदा अक्षरात. पुढे दहा-बारा ठिकाणी अशीच टिपणं. काही बरोबरही होती.

“केव्हाचं रे हे?”

“अकरा वर्षांचा होतो. तू ऑफिसला गेलास की काढायचो.”

व्हिडिओ कधी नव्हताच. तो त्याच पुस्तकातून, त्याच गुरूकडून शिकला होता, माझ्या पाठीमागे, कारण माझ्यासमोर शिकायची सोय मी ठेवली नव्हती. गुपित बघणाऱ्यापासून जपायचं असतं, शिकायला आलेल्यापासून नव्हे. हे ज्याने अनोळखी माणसालाही शिकवलं, त्याची पुस्तकं माझ्या कपाटात होती. मी फक्त जादू वाचली.

“सॉरी,” मी म्हणालो. मग मराठीतही म्हणालो, कारण इंग्रजीत ते फार सोपं जातं. तो म्हणाला, “असू दे बाबा. पण तू अजून तिथे घाई करतोस.” त्या रात्री साडेबारापर्यंत त्याने माझी घाई दुरुस्त केली.

यंदाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाआधी मुलांसाठी एक टेबल मांडणार आहे. जादू दाखवायला नाही, शिकवायला. ज्यांच्या मुलांना यायचं असेल त्यांनी एक साधा कॅट घेऊन पाठवावं. काहीही राखून ठेवणार नाही.