मलपरीक्षा, आंत्रस्थ जिवाणू आणि कर्करोगाचे निदान

रोगिपरीक्षेत मलपरीक्षेचे महत्त्व आपणा वैद्यांस नव्याने सांगावयास नको. योगरत्नाकराने अष्टविध परीक्षेत मलाचा समावेश केला आहे. आममल पाण्यात बुडतो व पक्वमल तरंगतो, हे ग्रहणीचिकित्सेत चरकाचार्यांनी नोंदविले आहे. मलाचा वर्ण, गंध व घनता यांवरून कोष्ठाची स्थिती जाणण्याच्या या परंपरेस आता आधुनिक विज्ञानाने एक सूक्ष्म अंग जोडले आहे. मलातील जिवाणूंच्या जनुकद्रव्याचे वाचन करून बृहदंत्राच्या कर्करोगाची चाहूल घेता येईल काय, हा तो प्रश्न होय.

सहज कृमी व वैकारिक कृमी

मानवी शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असून त्यांतील बहुसंख्य बृहदंत्रात वास करतात. चरकाचार्यांनी विमानस्थानात वीस प्रकारचे कृमी वर्णिताना 'सहज' कृमी त्यांतून वेगळे ठेवले आहेत. सहज कृमी म्हणजे आजचे आंत्रस्थ जिवाणू, असे थेट समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल. तथापि शरीरात वसणारा प्रत्येक जीव रोगकारक नसतो, हा विवेक त्या वर्गीकरणात निश्चित आहे. आजच्या संशोधनाचा पायाही तोच आहे. एखादा जिवाणू आहे किंवा नाही एवढ्यावर निदान होत नाही. समूहातील परस्परप्रमाण कसे बदलले, हे पाहावे लागते.

संशोधनाची वाटचाल

हृदयाच्या झडपांना स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस या जिवाणूचा संसर्ग झालेल्या रुग्णांत बृहदंत्राचा कर्करोग अधिक आढळतो, ही गोष्ट १९७७ साली ठळकपणे पुढे आली. २०१२ साली अमेरिका व कॅनडा येथील दोन गटांना, स्वतंत्रपणे काम करीत असता, बृहदंत्राच्या अर्बुदात फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा एरवी मुखात राहणारा जिवाणू विपुल प्रमाणात मिळाला. २०१९ मध्ये आठ अभ्यासांतील ७६८ मलनमुने एकत्र तपासले गेले आणि कर्करुग्णांत वाढलेल्या २९ जिवाणुजातींचा समान गट हाती आला. देश व आहार भिन्न असूनही ही खूण टिकली, हे विशेष. २०२४ मध्ये असे दिसले की फ्युजोबॅक्टेरियमची एक विशिष्ट शाखाच अर्बुदात प्राबल्याने आढळते व ती जठरातील अम्ल अधिक सहन करू शकते.

भारतीय संशोधनही उल्लेखनीय आहे. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेने २०१९ मध्ये भोपाळ व केरळ येथील ३० कर्करुग्ण व ३० निरोगी व्यक्तींचे मलनमुने अभ्यासले. भारतीय रुग्णांत फ्लॅव्होनिफ्रॅक्टर प्लाउटी हा जिवाणू विशेषत्वाने आढळला. तो फ्लॅव्होनॉइड द्रव्यांचे विघटन करतो. आपल्या अनेक वनस्पतिज औषधींत हीच द्रव्ये असल्याने ही बाब आपल्याला विचार करावयास लावणारी आहे; मात्र तीवरून चिकित्सेचा निष्कर्ष काढणे आज अयोग्य होईल.

सावधानता

रक्तातील जिवाणूंच्या जनुकद्रव्यावरून अनेक कर्करोग ओळखता येतात, असा एक गाजलेला शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गणनपद्धतीतील दोष उघड झाल्यावर २०२४ मध्ये तो मागे घेण्यात आला. यावरून धडा घ्यावयाचा तो हा की, चाचणी कितीही नवी असली तरी ती स्वतंत्र परीक्षणास उतरली पाहिजे. शिवाय प्रतिजैविके, आहार व कोष्ठशुद्धी यांनी आंत्रस्थ जिवाणू बदलतात. विरेचन वा बस्ती नुकताच झालेल्या रुग्णाचा मलनमुना अशा अभ्यासात घेताना त्याची नोंद अपरिहार्य आहे.

आपल्या जिल्ह्यातील कर्तव्य

राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींची मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी होते. बृहदंत्र त्यात नाही. म्हणून आर्वी, हिंगणघाट वा कारंजा भागातील रुग्ण 'मूळव्याध झाली' म्हणून प्रथम ज्या वैद्याकडे येतो, त्या वैद्याचा निर्णयच पुष्कळदा निर्णायक ठरतो. मोड दिसले म्हणून रक्तस्रावाचे कारण सापडले, असे नव्हे. अर्श आणि अर्बुद एकाच रुग्णात असू शकतात. यास्तव :

१. गुदमार्गे रक्त जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाची अंगुलिपरीक्षा व गुददर्शक यंत्राने तपासणी करावी. सुश्रुताचार्यांनी अर्शोयंत्र सांगितले ते वापरण्यासाठीच.

२. मलप्रवृत्तीत नवा व टिकून राहिलेला बदल, वजन घटणे, अकारण पांडुता, सतत कुंथणे वा कुटुंबात हा रोग असणे, यांपैकी काही आढळल्यास वय कमी असले तरी रुग्णास कोलोनोस्कोपीसाठी पाठवावे.

३. मलातील अदृश्य रक्त शोधणारी 'फिट' ही चाचणी शंभर कर्करुग्णांपैकी साधारण पंच्याहत्तर जणांना ओळखते. पूर्वावस्थेतील गाठी मात्र तीतून बहुधा सुटतात. उघड रक्तस्राव वा वरील लक्षणे असताना 'फिट' निर्दोष आली म्हणून थांबू नये.

४. जिवाणूंवर आधारित चाचणीच्या जाहिरातीवर विसंबून कोलोनोस्कोपी टाळू नये. आज तिचे स्थान पूरक व संशोधनापुरते आहे.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत जिल्ह्याची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी चालते. सावंगी येथे मोठे रुग्णालय व सालोड येथे आयुर्वेद महाविद्यालय आहे. ज्वारी व तुरीवर पोसलेल्या वर्धेकराच्या निरोगी कोष्ठातील जिवाणू कोणते, हे आधी निश्चित झाल्याखेरीज रोगी कोष्ठातील बदल ओळखता येणार नाही. या संस्थांनी एकत्र येऊन हे कार्य हाती घ्यावे आणि प्रकृती, अग्नी व कोष्ठ यांची शास्त्रशुद्ध नोंद करून देण्याचा भार आपल्या सभासदांनी उचलावा. तोवर रक्तमिश्रित मल सांगणारा एकही रुग्ण तपासणीवाचून परत जाऊ नये, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.