पूर्वीची शिक्षा आणि न्यायालयातील पुरावा

‘हा तर रेकॉर्डवरचा गुन्हेगार’ असे फौजदाराने म्हटले की आरोपीची पूर्वीची शिक्षा शाबीत झाली, असा जो समज नंदुरबारच्या बाजारपेठेपासून धडगावच्या पाड्यांपर्यंत रूढ आहे, त्याला कायद्याचा आधार नाही. पोलीस दप्तरातील नोंद, दाखल झालेली फिर्याद, प्रलंबित खटला, यांपैकी काहीही दोषसिद्धी नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३४ (जुन्या १९७३ च्या संहितेतील २९८) निकाल देणाऱ्या न्यायालयाच्या अभिलेखपालाने प्रमाणित केलेला उतारा पुरावा म्हणून मान्य करते. किंवा जेथे शिक्षा भोगली त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा सहीचा दाखला, अथवा ज्या वॉरंटाने आरोपीची तुरुंगात रवानगी झाली ते वॉरंट.

परंतु कागद हजर झाला म्हणजे काम संपले, हा दुसरा आणि अधिक घातक भ्रम होय. त्या कागदातील इसम आणि पिंजऱ्यात उभा असलेला इसम एकच, हेही त्याच कलमान्वये स्वतंत्र पुराव्याने सिद्ध करावे लागते. पाडवी, वळवी, वसावे, पावरा ही आडनावे ज्या जिल्ह्यात गावोगाव आढळतात, तेथे नाव, बापाचे नाव आणि गाव जुळले तरी माणूस दुसरा असू शकतो. म्हणून बोटांच्या ठशांची तज्ज्ञाने केलेली तुलना, किंवा त्या वेळी आरोपीला प्रत्यक्ष पाहिलेल्या अधिकाऱ्याची साक्ष, यांचे मोल येथे फार मोठे आहे. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. सबब त्यापूर्वीच्या निकालाचा शोध धुळ्याच्या दफ्तरापर्यंतही जाऊ शकतो.

आरोपीचे पूर्वचरित्र न्यायाधीशाला आरंभीच सांगता येते, हेही खरे नव्हे. १८७२ च्या मूळ पुरावा कायद्यात पूर्वीची दोषसिद्धी सरसकट ग्राह्य होती. १८९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झाले, आणि माझ्या मते आपल्या फौजदारी कायद्यातील अत्यंत न्याय्य सुधारणांपैकी ती एक होय. आरोपीने स्वतःच्या सच्छीलतेचा पुरावा पुढे केल्याखेरीज त्याचे वाईट चारित्र्य सामान्यतः अप्रस्तुतच राहते. वाढीव शिक्षेसाठी पूर्वीच्या दोषसिद्धीचा आरोप ठेवलेला असला, तरी सत्र खटल्यात चालू गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत तो आरोपीला वाचून दाखवीत नाहीत, आणि सरकार पक्षालाही त्याचा उल्लेख करता येत नाही. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात मार्च २०१४ मध्ये दोन खटल्यांत दोषी ठरल्यानंतरच तिघांवर तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ३७६ ई चा (पुन्हा केलेल्या बलात्काराबद्दलचा) वाढीव आरोप ठेवण्यात आला. ४ एप्रिल रोजी त्यांना झालेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२१ रोजी जन्मठेपेत बदलली.

मागची कोणतीही शिक्षा नवी शिक्षा वाढविते, असेही नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १३ नाणी-चलन आणि मालमत्ता यांविषयीच्या प्रकरणांतील, तीन वर्षे वा अधिक कैदेच्या गुन्ह्यांपुरतेच आहे.

आणि कलम ३३४ केवळ सरकार पक्षाच्या हाती दिलेले शस्त्र नव्हे: पूर्वीची निर्दोष मुक्तताही त्याच प्रमाणित उताऱ्याने सिद्ध होते. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला उभा राहिला, तर संबंधित न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळविलेला तो कागद वकिलाने पहिल्याच तारखेला दाखल करावा.