वृद्धांचे परावलंबन

वार्धक्यामुळे किंवा त्यातील व्याधींमुळे नित्याचे व्यवहार स्वतः पार पाडणे कठीण होऊन दुसऱ्याच्या साहाय्याची गरज निर्माण होणे, यास वृद्धांचे परावलंबन म्हणतात. ते बहुधा हळूहळू येते. रोज सोबत राहणाऱ्यांना हा संथ बदल जाणवत नाही. दिवाळीला माहेरी आलेल्या मुलीला तो पहिल्याच दिवशी दिसतो.

अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये स्नान, वस्त्रे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रनियंत्रण व जेवणे या सहा क्रियांवरून स्वावलंबन मोजण्याची पद्धत मांडली. या क्षमता सामान्यतः ठराविक क्रमाने कमी होतात. स्नानाची अडचण आधी येते, तर स्वतःच्या हाताने जेवण्याची क्षमता बरीच शेवटपर्यंत टिकते. १९६९ मध्ये लॉटन व ब्रॉडी यांनी खरेदी, स्वयंपाक, प्रवास, औषधे घेणे, पैशांचे व्यवहार यांसारख्या कामांची वेगळी मोजपट्टी तयार केली. ही कामे अधिक गुंतागुंतीची असल्याने बहुधा तीच आधी बिघडतात. विजेचे बिल दोनदा भरले जाणे वा मुळीच न भरले जाणे, गोळ्यांचे पाकीट तसेच उरणे, दूध वारंवार उतू जाणे, बँकेत सही न जुळणे, बांगड्या मनगटावर सैल होणे, ही त्याची घरगुती लक्षणे होत. कॅट्झ यांच्या यादीत जमिनीवर मांडी घालून बसण्याचा आणि उकिडवे बसण्याचा उल्लेख नाही. मराठी घरांत मात्र गुडघ्यांची व तोलाची दुर्बलता प्रथम तेथेच उघड होते. पंगतीत न बसण्याची सबब अनेकदा याच कारणाने सांगितली जाते.

चालण्याची एक सोपी चाचणीही प्रचलित आहे. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालावयाचे, वळून परतावयाचे व पुन्हा बसावयाचे. यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका वाढलेला समजतात.

बदल किती वेगाने झाला, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. काही तासांत वा दिवसांत उद्भवलेला संभ्रम, असंबद्ध बोलणे किंवा अनपेक्षित गुंगी हे वार्धक्य नसून आजार आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातील सोडियम घटणे किंवा औषधाचा दुष्परिणाम ही त्याची नेहमीची कारणे होत. अशा वेळी तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी लागते. सावकाश वाढणारे विस्मरणही प्रत्येक वेळी स्मृतिभ्रंशाचेच असते असे नाही. अवटू ग्रंथीची मंदता, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, विषण्णता व बहिरेपणा यांतूनही तसे चित्र निर्माण होते आणि त्यांवर उपचार आहेत. ‘वयच झाले’ या एका वाक्याने असे कित्येक रुग्ण उपचारांवाचून राहतात.

वृद्ध व्यक्ती आपली अडचण पुष्कळदा लपविते. घरातील स्थान जाईल, ही भीती त्यामागे असते. म्हणून जे काम अडते तेवढ्याच कामात मदत करणे योग्य ठरते. आंघोळीस आधार हवा असलेल्या आईच्या हातून विळी व हिशेबाची वही काढून घेतल्यास उरलेली क्षमताही वापराअभावी लवकर ओसरते. दीर्घकाळ अंथरुणावर ठेवल्याने स्नायूंची शक्ती झपाट्याने घटते.

भारतात २००७ च्या कायद्यानुसार स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करू न शकणाऱ्या आई-वडिलांना प्रौढ मुलांकडून निर्वाहखर्च मिळविण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. या निर्वाहात अन्न, वस्त्र व निवारा यांबरोबर वैद्यकीय उपचारांचाही समावेश आहे.